शेतकऱ्याला दिलेला शब्द

कायदा बहुधा कांहीं नवें घडविण्यासाठीं होतो. ब्रिटनमध्यें ३० जानेवारी २०२० रोजीं राणीची संमति मिळालेला एक छोटासा कायदा मात्र कालचेंच उद्यां चालूं राहावें, एवढ्याचसाठीं होता. दुसऱ्याच दिवशीं रात्रीं ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें. १९७३ पासून संघाच्या सामायिक शेती-धोरणानुसार तेथील शेतकऱ्यांस आधार मिळत असे. आरंभीं पिकांच्या भावांतून, पुढें जमिनीच्या क्षेत्रावर मोजून. अखेरच्या काळांत हें थेट साहाय्य वर्षाला तीन अब्ज पौंडांच्या घरांत गेलें होतें.

बाहेर पडण्याच्या करारान्वयें २०२० अखेरपर्यंत संघाचे बहुतेक नियम ब्रिटनला लागूच राहणार होते. मग ही घाई कां? या साहाय्याचा हिशेब निराळा होता. एका वर्षाच्या अर्जांचे पैसे संघ पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकांतून भागवी. २०२० च्या अर्जांचे पैसे २०२१ च्या तिजोरींतून यावयाचे, आणि त्या तिजोरींत ब्रिटनचा वाटा उरणार नव्हता. म्हणून करारानें हे नियम त्या वर्षापुरते वगळले. देशी कायदा झाला नसता, तर पैसे वांटण्याचा अधिकारच सरकारच्या हातीं राहिला नसता. तेव्हां संघाचेच नियम देशी कायद्यांत उतरवून घेण्यांत आले. वरातीमागून घोडें आलें नाहीं.

याचें मोल कळण्यास शंभर वर्षें मागें जावें लागतें. १८४६ सालीं धान्यावरील संरक्षक जकातीचे कायदे रद्द झाले आणि ब्रिटिश शेतकरी उघड्या बाजारांत उभा राहिला. पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या धान्याचीं जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां १९१७ सालीं सरकारनें गहूं व ओट यांना किमान भावाची आणि शेतमजुरांना किमान वेतनाची हमी दिली. १९२० च्या कायद्यानें ती पुढें चालविली. इतकेंच नव्हे, तर हमी काढण्यापूर्वीं चार वर्षांची सूचना देण्याचेंही ठरलें. पण भाव कोसळले, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच, १९२१ सालीं, सरकारनें हमी मोडीत काढली. शेतकऱ्यास थोडी भरपाई मिळाली. मजुराच्या वेतनाचें संरक्षण मात्र गेलें. ही घटना इतिहासांत 'मोठा विश्वासघात' या नांवानें ओळखली जाते. शेतमालाच्या भावाला पुन्हां सर्वंकष हमी मिळण्यास दुसरें महायुद्ध आणि १९४७ चा शेती-कायदा यावा लागला.

२०२० चा तो कायदाही एका वर्षाचाच पूल होता. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नवा शेती-कायदा झाला. इंग्लंडांत क्षेत्रावर मिळणारें साहाय्य २०२१ पासून सात वर्षांत टप्प्याटप्प्यानें थांबवून माती, पाणी व वन्यजीव यांच्या जोपासनेसाठीं पैसा देण्याचें ठरलें. १९२१ सालीं न मिळालेली मुदत या वेळीं मिळाली. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्यें सरकारनें पुढील वर्षाच्या रकमेंत एकदम मोठी कपात जाहीर केली.

शेतकरी आज पेरतो आणि कित्येक महिन्यांनीं कापतो. साहाय्य किती मिळणार, याइतकेंच तें केव्हां थांबणार, हेंही त्याला पेरणीपूर्वीं कळावें लागतें. सरकारच्या शब्दाची खरी कसोटी तेथेंच लागते.