आरी आणि सुंबा

आपल्या कमरेच्या पट्ट्याला पांच-सहा छिद्रें असतात. रोज सकाळीं त्यांपैकीं एकांत बक्कलाचा कांटा अडकवून आपण बाहेर पडतों. त्या छिद्राची आठवण आपणांस दोनच प्रसंगीं होते : अंग सुटलें म्हणजे, किंवा तें छिद्र ओढाताणीनें लांबट होऊन फाटूं लागलें म्हणजे. आज मला त्या छिद्राविषयींच बोलावयाचें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या छिद्राच्या भरंवशावर घोडेस्वारांनीं आपले प्राण सोंपविले आहेत, आणि एके काळीं गिरण्याही त्याच्याच जोरावर चालल्या आहेत.

कातडें कापणें सोपें आहे. कठीण काम तें जोडण्याचें. कापडांत सुई आपली वाट आपणच करून घेते. कमावलेल्या जाड चामड्यांत ती शिरत नाहीं. तिच्यासाठीं वाट आधीं करून ठेवावी लागते. ही वाट करण्याच्या रीती दोन. एक, चामड्याचे तंतू बाजूस सारून. दुसरी, ते कापून काढून टाकून. पहिलें काम आरीचें, दुसरें सुंब्याचें. आरी म्हणजे लांकडी मुठींत बसविलेलें टोंकदार पातें. ती आंत शिरते, जागा करते आणि बाहेर येते. चामड्यांतून कांहीं घेऊन जात नाहीं. म्हणून तिनें पाडलेली चीर दोऱ्याभोंवतीं पुन्हां मिटूं पाहते. सुंबा ही पोकळ पोलादी नळी. तिच्या तोंडाला गोल धार असते. डोक्यावर घाव बसला कीं चामड्याची एक चकती तुटून नळींत अडकते. ती गेली ती गेलीच. जें छिद्र मिटावयास हवें तें आरीचें आणि जें सदैव उघडें राहावयास हवें तें सुंब्याचें, असा या धंद्याचा पहिला नियम आहे. शिवण आरीनें, बक्कलाचें घर सुंब्यानें. फ्रेंच भाषेंत सुंब्याला ‘आँपोर्त-प्येस’ म्हणजे ‘तुकडा घेऊन जाणारा’ असें नांव आहे. ज्यानें तें ठेविलें त्याला हत्याराचें मर्म नेमकें कळलें होतें.

या दोघांत आरी फार जुनी. हाडाच्या अणकुचीदार आऱ्या माणसानें धातू पाहण्यापूर्वींच्या वस्तींतून सर्वत्र सांपडतात. आर्मेनिया देशांतील आरेनी येथील एका गुहेंत २००८ सालीं चामड्याचा एक जोडा हातीं आला. तो सुमारें साडेपांच हजार वर्षांपूर्वींचा ठरला. गाईच्या एकाच कातड्याचा हा जोडा पायाभोंवतीं वळवून, ओळीनें पाडलेल्या छिद्रांतून चामड्याचीच वादी ओंवून आवळलेला आहे. गुहेंतील कोरडी, थंड हवा आणि वर सांचलेला मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर यांनीं तो इतका जपला, कीं त्याची वादीही शाबूत राहिली. मिसर देशांत थीब्स येथें रेखमिरे नांवाच्या वजिराची कबर आहे. तिचा काळ इसवी सनापूर्वीं पंधरावें शतक. तिच्या भिंतीवरील चित्रांत चर्मकार आपआपल्या कामांत मग्न दाखविले आहेत. त्यांच्या हातांतील आरी आणि अर्धचंद्राकृति सुरी आजच्या खोगीर करणाऱ्या कारागिराला दाखविल्या, तर तो त्या चटकन ओळखील. साडेतीन हजार वर्षांत इतका थोडा बदल सोसलेलीं हत्यारें जगांत फार नाहींत.

चामडें कापून काढण्याची हौस मात्र रोमन लोकांत विशेष दिसते. इंग्लंडच्या उत्तरेस हेड्रियनच्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा नांवाचें ठाणें होतें. तेथील ओल्या, हवा न शिरणाऱ्या चिखलांत हजारों रोमन जोडे टिकून राहिले आहेत. शिपायांचे आहेत, बायकांचे आहेत, लहान मुलांचेही आहेत. त्यांतील कित्येकांचा वरचा भाग जाळीसारखा कोरलेला आहे. थंडीनें गारठविणाऱ्या त्या सरहद्दीवर जाळीदार जोडा घालण्याची बुद्धि व्हावी, हा शौकाचा सोयीवर विजयच म्हटला पाहिजे! पण जाळी कापणाऱ्या कारागिरानें चामडें कोठें काढावें आणि कोठें राखावें याचा हिशेब केल्यावांचून तो जोडा पायांत एक दिवसही टिकला नसता.

पोकळ सुंब्याची खरी अडचण धातूची होती. आरीचें एक टोंक घट्ट असलें म्हणजे भागतें. सुंब्याची धार वर्तुळाकार आणि पातळ. त्या वर्तुळांत एखादी जागा नरम निघाली कीं तेथें धार मुडपते, आणि फाजील कडक निघाली कीं तेथें टवका उडतो. म्हणजे पोलाद सर्वत्र एकजीव पाहिजे. युरोपांत जुन्या रीतीनें केलेलें पोलाद असें एकजीव नसे. आपल्या दक्षिणेकडे मुशींत पोलाद वितळविण्याची विद्या शतकानुशतकें चालत आलेली होती. इंग्लंडांत ती स्वतंत्रपणें साधली ती बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनें, १७४० च्या सुमारास, शेफील्डजवळ; आणि तीही घड्याळाच्या कमानीसाठीं चांगलें पोलाद मिळेना म्हणून. त्याच्या या शोधाचा लाभ वस्तऱ्यांना झाला, कानशींना झाला, तसा या नम्र सुंब्यालाही झाला. पुढें पॅरिस, इंग्लंडांतील वॉल्सॉल आणि अमेरिकेंतील न्यूअर्क अशा गांवीं चर्मकारांचीं हत्यारें करणारे कारखाने नांवारूपास आले, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत आंकडे घातलेले सुंबे पेटीनें विकले जाऊं लागले. वॉल्सॉल हें तर खोगिरांचेंच गांव. तेथील फूटबॉलच्या संघाला लोक आजही ‘खोगीरवाले’ म्हणतात.

आतां निवडीचा प्रश्न. सुंबा जितका मोठा तितकें काम झटपट, असें नवशिक्याला वाटतें. जुना कारागीर उलट विचार करतो : माझें काम भागेल असा सर्वांत लहान सुंबा कोणता? घोड्याची रिकीब ज्या पट्ट्यास लोंबते त्याचें उदाहरण घ्या. स्वाराचें सगळें ओझें, उडी मारतांना तर त्याच्याहून किती तरी अधिक, एका छिद्राच्या दोन्ही बाजूंस उरलेल्या चामड्यावर येतें. छिद्र गरजेहून मोठें पाडलें, किंवा कडेच्या फार जवळ पाडलें, कीं पट्टा तेथेंच तुटावयाचा; आणि तो तुटतो तो तबेल्यांत नव्हे, घोडा भरधाव असतांना.

हाच हिशेब गिरण्यांतून फार मोठ्या प्रमाणावर करावा लागला. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, आणि त्यानंतर गिरण्यांची रांगच लागली. वाफेच्या यंत्राची शक्ति प्रत्येक मागापर्यंत पोंचवीत असत ते चामड्याचे पट्टे. पट्टा अखंड मिळत नाहीं. त्याचीं दोन टोंकें जुळवून, छिद्रें पाडून, कच्च्या चामड्याच्या वादीनें बांधावीं लागतात. समजा, पट्टा चार इंच रुंद आहे आणि एका ओळींत पाव इंचाचीं पांच गोल छिद्रें पाडलीं. सव्वा इंच चामडें तेथेंच गेलें. चार इंचांच्या पट्ट्यांत बळ उरलें पावणेतीन इंचांचें. म्हणून छिद्रें एका रेषेंत न पाडतां दोन ओळींत आडवीं-तिडवीं पाडण्याची चाल पडली. त्याहून शहाणी युक्ति म्हणजे लंबगोल सुंबा. लंबगोलाची लांब बाजू पट्ट्याच्या लांबीस धरून ठेविली म्हणजे वादी जाण्यास जागा तेवढीच मिळते, पण रुंदींतील चामडें थोडें कमी होतें. सुंबा आडवा धरला तर हेंच हत्यार पट्ट्याचा घात करतें. हत्यार एकच, धरण्यांत पाव फेऱ्याचा फरक! कांहीं जुने कसबी तर पट्ट्याला सुंबा मुळीं लावूंच नये, आरीच वापरावी, अशा मताचे होते. आणि ज्या गिरणींत तुटलेला पट्टा चाबकासारखा उसळून माणसांच्या अंगावर येत असे, तेथें हें मत अतिरेकी म्हणवत नाहीं.

धार लावण्याची विद्या याहून नाजूक आहे. सुंब्याची धार बाहेरच्या अंगानें पाजवावयाची, आंतून कधींही नव्हे. आंतली कड छिद्राचें माप ठरविते. तिला उतार दिला कीं माप बिघडतें आणि चकती नळींत चढण्याऐवजीं चेपली जाते. म्हणून सुंबा आडवा धरून, निसण्यावर बोटांनीं फिरवीत फिरवीत, चहूंबाजूंनीं सारखा घासावयाचा. घासतांना आंतल्या कडेला जो बारीक लव उठतो, तो निमुळत्या काडीला बारीक पूड लावून हलक्या हातानें पुसून काढावयाचा. घाई करून सुंबा कोरड्या फिरत्या चाकावर धरला तर पातळ कड तापते, तिजवर निळी झांक चढते, आणि पोलादाला दिलेलें पाणी उतरतें. मग तो सुंबा कितीही चकचकीत दिसो, दहा-वीस घावांतच बोथट होणार. आरीचें याच्या उलट. तिचीं टोंक आणि कडा तीक्ष्ण हव्यात, पण त्याहून अधिक ती गुळगुळीत हवी. म्हणून ती निसण्यावर थोडी आणि चामड्याच्या तुकड्यावर पुष्कळ घासतात.

ठोकतांना खालीं काय ठेवावें हाही धारेचाच भाग आहे. लोखंडी ऐरणीवर सुंबा मारणें म्हणजे धारेला स्वतःच्या हातानें मारणें होय. ओंडक्याचें माथें, म्हणजे लांकडाचे तंतू जेथें उभे असतात तो छेद, यासाठीं उत्तम. धार तंतूंच्या मधून शिरते व विसावते. खोगीरवाले शिशाचा ठोकळाही ठेवीत असत. तें मऊ असल्यानें धारेला बाधत नाहीं. शिसें विषारी आहे हें आतां ठाऊक असल्यानें त्याचा मोह न धरलेलाच बरा.

या सगळ्या गोष्टी लिहून ठेवल्या कोणीं? फ्रान्सांत दिदेरोनें आपला प्रचंड ज्ञानकोश १७५१ पासून काढला, त्यांत खोगीर करणारे, जोडे करणारे यांचीं हत्यारें एक-एक काढून चित्रांसह दिलीं. हा दिदेरो लांग्र गांवच्या एका सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा. धार म्हणजे काय हें त्यानें घरींच पाहिलें होतें, आणि लेखणीही त्याच्याच हातीं होती. आपल्याकडे हा योग जुळूं दिला गेला नाहीं. ज्यांच्या हातांत आरी आणि रापी होती त्यांना आपण गांवाबाहेर ठेविलें, आणि ज्यांच्या हातांत लेखणी होती त्यांनीं चामड्याला स्पर्श करणें हा विटाळ मानला. तेव्हां चर्मकाराची विद्या बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत गेली, कागदावर उतरली नाहीं. आणि जेथें मुलगा दुसऱ्या धंद्यांत शिरला तेथें ती निमूटपणें संपली.

कोल्हापुराकडे ती अजून हातांत आहे. तेथील वहाणेचें चामडें बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावतात. तळाचे थर खिळ्यांनीं नव्हे, चामड्याच्याच वादीनें शिवतात. कित्येक घरांत पट्ट्यावरची बारीक वेणी बायका घालतात. २०१९ सालीं या वहाणेला भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्रांतील चार आणि कर्नाटकांतील चार अशा आठ जिल्ह्यांच्या नांवें. ही वहाण कोणी विकत घेतली तर तिच्याकडे क्षणभर नीट पाहावें. वरच्या पट्ट्यावर नक्षीचीं गोल छिद्रें असतील तर तीं सुंब्याचीं. त्यांच्या कडा स्वच्छ तुटलेल्या असल्या म्हणजे हत्याराला धार होती असें समजावें. मग वहाण उलटी करून तळाची शिवण पाहावी. तेथें आरीनें केलेल्या चिरा आहेत. पण वादी त्यांत अशी गच्च बसलेली असते, कीं त्या चिरा शोधूनही सांपडत नाहींत.