काउंटरखालचा खण

सावली गावच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंग आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरखालच्या खणात काढून ठेवलेल्या हार्ड डिस्क आहेत: ४० जीबी, ८०, १६०, ५००. आमच्या धंद्याचा इतिहास त्या खणात तळापासून वर रचलेला आहे.

या डिस्कच्या आत चकती फिरते, आणि फिरतं चाक सावलीला नवं नाही. इथं चरख्यावर खादीचं काम चाले. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं तेव्हा गांधीजी या गावात आले होते. त्यानंतर वीस वर्षांनी आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, आणि त्यावर मावत ५० लाख अक्षरं. आज मोबाइलचा एक फोटो तेवढी जागा खातो. लॅपटॉपात बसणारी अडीच इंची डिस्क आली १९८८ मध्ये.

चकतीच नसलेली एसएसडीही तशी जुनीच. तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी शोधलेली फ्लॅश मेमरी तिच्या मुळाशी आहे. १९९१ मध्ये २० एमबीची एसएसडी निघाली, किंमत सुमारे हजार डॉलर. माझ्या गिऱ्हाइकांना परवडेपर्यंत पुढची पंचवीस वर्षं गेली.

डिस्क बदलणं सोपं. दोन-चार बारीक स्क्रू, एवढंच. अवघड असतं ते आतलं विंडोज हलवणं. पूर्वी यासाठी आम्ही ‘घोस्ट मारायचो’. घोस्ट हे डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवणारं, म्हणजे क्लोन करणारं, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं सॉफ्टवेअर. १९९८ मध्ये सिमँटेकनं ते विकत घेतलं. ‘भूत मारायला किती घेता?’ असं गिऱ्हाईक हसत विचारी. नवं विंडोज टाकणं त्याहून सरळ, पण ते कुणाला नको असतं. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज, प्रिंटरची सेटिंग, जुना हिशेब, सगळं पुन्हा बसवायचं कुणी?

मागं एक धान व्यापारी आले. म्हणाले, ‘भाऊ, पऱ्हे मुळासकट उपटून बांधीत रोवतो ना, तसं पायजे.’ पऱ्हे म्हणजे भाताची रोपं, बांधी म्हणजे धानाचं शेत. क्लोनिंगची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नव्हती.

त्यांची डिस्क ५०० जीबीची, नवी एसएसडी २४०ची. भरलेला भाग दोनशेच्या आत होता, म्हणून जमलं. यूएसबी केबलनं एसएसडी जोडली, कॉपी लावली. अर्ध्यावर लाइन गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. स्क्रीन काळी. व्यापाऱ्यांचा चेहरा उतरला. पण कॉपी करताना जुन्या डिस्कवरून फक्त वाचलं जातं, तिला धक्का लागत नाही. लाइन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग जुनी डिस्क बाहेर काढून, फक्त एसएसडीवर मशीन चालू केलं; दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज कुठून सुरू झालं ते कळत नाही, क्वचित घोळही होतो. दोन-तीन मिनिटं घेणारा लॅपटॉप वीसेक सेकंदांत उघडला. हिशेब जागच्या जागी.

त्यांची डिस्कही तारीख टाकून खणात ठेवली. तुम्हीही क्लोन केल्यावर जुनी डिस्क लगेच पुसू नका, विकूही नका. नवीवर महिनाभर काम करा, एकेक फाइल उघडून बघा. रोवलेल्या पऱ्ह्यानं मूळ धरलं की नाही, हे रोवल्या दिवशी कळत नाही.