ओटीपीची कुळकथा

ओटीपी हा एकदाच चालणारा परवलीचा आकडा आहे. वापरला की बाद, आणि वापरला नाही तरी काही मिनिटांत बाद. बँकेचे खाते, आधार, गॅसचे सिलिंडर, प्राप्तिकराचे विवरणपत्र अशा किती तरी ठिकाणी आज तो विचारला जातो, म्हणून तो मोबाइलबरोबर आला असा समज होतो. त्याचे कूळ मात्र तारयंत्राच्या काळातले आहे, आणि मूळपुरुष एक बँकवाला होता.

कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटोच्या फ्रँक मिलरने १८८२ मध्ये तारांसाठी एक संकेतपुस्तक छापले. पैसे देण्याचा हुकूम तारेने जाई आणि वाटेतल्या प्रत्येक तारमास्तराला तो वाचता येई. मिलरचा उपाय असा : पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडेच कोणताही क्रम नसलेल्या आकड्यांची सारखी यादी असावी, संदेशाच्या संकेतांकात त्यातला एक आकडा मिळवावा आणि वापरलेल्या आकड्यावर कायमची काट मारावी. कालचा आकडा चोराला कळला तरी आज तो निरुपयोगी. पुढे ही कल्पना विसरली गेली. गिल्बर्ट व्हर्नम यांच्या १९१७ सालच्या कामापासूनच सुरुवात धरली जाई. २०११ मध्ये संगणकशास्त्रज्ञ स्टीव्हन बेलोविन यांनी मिलरचे पुस्तक पुन्हा उजेडात आणले.

कुळाची दुसरी शाखा पासवर्डची. एकाच संगणकावर अनेकांना काम करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली एमआयटीत १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांच्या पुढाकाराने सुरू झाली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आले. वर्षभरातच ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने आपल्याला संगणकाचा जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली. कायमच्या पासवर्डचा दोष तेव्हापासून तोच आहे : एकदा कळला की बदलेपर्यंत कळलेलाच राहतो.

या दोषावर १९८१ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी काढलेला तोडगा ही या कुळातली सर्वांत देखणी कल्पना. एक गुप्त संख्या घ्यायची आणि तिच्यावर अशी गणिती क्रिया करायची की उत्तरावरून मूळ संख्या काढता येऊ नये. त्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया, असे समजा हजार वेळा. संगणकाकडे फक्त हजारावे उत्तर ठेवायचे. प्रवेश मागणारा नऊशे नव्याण्णवावे देतो. संगणक त्यावर एकदा क्रिया करून हजारावे मिळते का ते पाहतो आणि मग नऊशे नव्याण्णवावेच जपून ठेवतो. पुढच्या वेळी नऊशे अठ्ठ्याण्णवावे. वाटेत कोणी ऐकले किंवा संगणकातली फाइल चोरली, तरी पुढचे उत्तर हाती लागत नाही. नंतर हा क्रम सांभाळण्याचे काम घड्याळाने हलके केले. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत दोन्ही बाजूंना एकच गुप्त किल्ली असते. ती आणि चालू वेळ यांच्यापासून दर ३० सेकंदांनी नवा आकडा बनतो. ईमेलसारख्या खात्यांसाठीची ऑथेंटिकेटर ॲप याच पद्धतीवर चालतात, म्हणून ती नेटवर्क नसतानाही आकडा दाखवतात. बँकेचा एसएमएस त्याहून साधा आहे : बँक स्वतः आकडा तयार करते आणि पाठवते. त्याला साधा फोनही पुरतो, आणि भारतात तो रुजला तो याच सोयीमुळे.

रुजण्यामागे रिझर्व्ह बँकेचा हुकूम होता. केवळ ठरावीक पिनवर विसंबण्यातला धोका पुण्याने आधीच पाहिला होता. २००५ मध्ये एम्फसिसच्या पुण्यातील कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतील चार ग्राहकांकडून बोलण्याच्या ओघात पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले. १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्डव्यवहाराला कार्डावर न छापलेली आणखी एक खूण सक्तीची केली. अंमल १ ऑगस्ट २००९ पासून. सुरुवातीला ही खूण म्हणजे ठरलेला पासवर्डच असे. ओटीपीने हळूहळू त्याची जागा घेतली.

व्यापाऱ्यांना हा जास्तीचा टप्पा जाचक वाटे. टॅक्सीतून उतरताच कार्डातून आपोआप पैसे कापणाऱ्या उबरने परदेशी मार्गाने व्यवहार करून तो टाळला होता. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती वाट बंद केली आणि उबर आधी पैसे भरून ठेवायच्या वॉलेटकडे वळली. तिथून पुढे सवलती आल्या, पण प्रत्येकीला रुपयांची मर्यादा घालून. कार्ड यंत्राजवळ धरून पिनविना पैसे देण्याची मर्यादा २०१५ मध्ये २,००० रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची मर्यादा २,००० वरून ५,००० आणि २०२२ मध्ये १५,००० वर गेली. सोय किती द्यायची हे तोटा किती सोसता येईल यावरून ठरवणे, ही या धोरणाची खरी हुशारी.

पुणे मेट्रोच्या संत तुकाराम नगर स्थानकावर हे तत्त्व रोज वापरात दिसते. ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी टप्प्यातले हे स्थानक. इथल्या फाटकावर प्रत्येकाने ओटीपीची वाट पाहिली तर रांग जिन्यापर्यंत जाईल. ‘एक पुणे कार्ड’ टेकवले की फाटक उघडते, ना पिन ना ओटीपी, कारण भाडे बँकखात्यातून जात नाही. ते कार्डातच आधी भरलेल्या रकमेतून जाते, आणि ही रक्कम २,००० रुपयांपर्यंतच ठेवता येते. कार्ड हरवले तर जोखीम तेवढीच.

ओटीपीची सगळी ताकद त्याच्या अल्पायुष्यात आहे. पण तो माणसाला वाचता येतो, म्हणून सांगताही येतो, आणि फसवणूक करणारा नेमके तेच करून घेतो. मिलरच्या यादीला वाटेतल्या चोराची भीती होती. इथे मालकच आकडा हातात देतो. दुसरी कमजोरी, तो माणसाकडे न जाता सिमकार्डाकडे जातो. दुसऱ्याच्या नावाचे सिम बदलून घेतले की ओटीपी चोराकडे. म्हणून १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. आणि जिच्या आधारला मोबाइल जोडलेलाच नाही, तिच्यापुढे ओटीपी भिंत होऊन उभा राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. त्यात लाभार्थीबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागे. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या बायका तिथे अडल्या. मुदत वाढवावी लागली. सुरक्षेचा नियम आखताना घरातला फोन कोणाकडे असतो हे विचारलेच पाहिजे. ते न विचारल्याची किंमत सर्वांत गरजू माणूस मोजतो.

या कुळातली नवी पिढी म्हणजे पासकी. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये तिला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. गुप्त किल्ली फोनमध्ये असते, बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडते आणि फक्त त्याच संकेतस्थळाला उत्तर देते. फोनवर सांगण्याजोगा आकडाच उरत नाही. फोन हरवल्यावर खाते परत कसे मिळवायचे, ही तिची अडचण. रिझर्व्ह बँकेनेही २५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत एसएमएसशिवायच्या पद्धतींना वाट मोकळी केली. दोन खुणांची सक्ती कायम राहिली, आणि नियम न पाळता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचे नुकसान झाले तर ते पूर्ण भरून देण्याची जबाबदारी कार्ड किंवा खाते देणाऱ्या संस्थेवर आली. अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली.