सोडियम सोडतं, कॅल्शियम धरतं

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर समुद्रशेवाळ जाळण्याचा धंदा चाले. वादळाने किनाऱ्याला लागलेलं तपकिरी शेवाळ वाळवायचं, खळग्यात धुमसत ठेवायचं आणि राख विकायची. आधी या राखेतून सोडा काढत. तो दुसरीकडून स्वस्तात मिळू लागला, तेव्हा आयोडिनने धंदा तगवला. एक टन राखेसाठी सुमारे २० टन ओलं शेवाळ लागे.

एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाला ही नासाडी बघवेना. बाकीचे राखेत काय उरतं ते शोधत होते. धुरावाटे काय जातं, हे त्याने विचारलं. म्हणूनच शेवाळातून निघणाऱ्या जेलच्या कुळाचा मूळपुरुष मी त्याला मानतो. त्याने शेवाळ न जाळता धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं. चिवट पट्टे विरघळून दाट, बुळबुळीत द्रव झाला. तो गाळून आम्ल घातल्यावर जो साका मिळाला, त्याला त्याने ‘अल्जिन’ नाव दिलं आणि १८८१ साली पेटंट घेतलं.

सोड्याने केलं काय? अल्जिनचं क्षाररूप, अर्थात अल्जिनेट, म्हणजे शर्करेच्या घटकांची लांब साखळी, अंगावर जागोजागी ऋण भार असलेली. शेवाळात या साखळ्यांना मुख्यतः समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम एकमेकींशी बांधून ठेवतं. सोड्यातलं सोडियम त्याची जागा घेतं. सोडियमवर धन भार एकच, त्यामुळे दोन साखळ्या सांधणं त्याला जमत नाही. त्या सुट्या होऊन पाण्यात विरतात. आता याच द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडा. थेंबाभोवती लगेच कातडी धरते, आणि कॅल्शियम आत झिरपेल तसा तो गाभ्यापर्यंत घट्ट होतो. तापवावं लागत नाही, थंडही करावं लागत नाही.

हे जेल आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात येऊन गेलं आहे. दातांचं माप घेताना डॉक्टर जो मऊ लगदा ट्रेमधून जबड्यावर दाबतात, तो अल्जिनेटचा. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगर मिळेनासं झालं आणि दंतवैद्यांनी हा पदार्थ जवळ केला. त्याच्या भुकटीत कॅल्शियम सल्फेट असतं. पाणी पडलं की त्यातून कॅल्शियम सुटू लागतं. एवढ्यावर थांबलं तर लगदा रबरी वाटीतच घट्ट व्हायचा. म्हणून भुकटीत थोडं सोडियम फॉस्फेटही घालतात. सुरुवातीला सुटणारं कॅल्शियम ते स्वतःकडे ओढून घेतं. फॉस्फेट संपलं की मगच साखळ्यांची पाळी येते. कालवायला, ट्रे भरायला आणि तोंडात बसवायला हवा असलेला वेळ असा मिळतो. या सगळ्या कुळकथेत मला सर्वांत सुंदर वाटते ती ही युक्ती.

साखळ्या नेमक्या कुठे जुळतात, हे कळायला बराच काळ गेला. १९६० च्या दशकात नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम इथे हाउग, लार्सन आणि स्मिड्सरॉड यांनी दाखवलं, की साखळीत गुलुरोनिक आम्लाचे सलग पट्टे असतात. १९७३ मध्ये डेव्हिड रीस आणि सहकाऱ्यांनी या पट्ट्यांचं चित्र मांडलं: ते नागमोडी असतात, दोन समोरासमोर आले की मध्ये खळगे तयार होतात, आणि अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन त्यांत बसतात. मॅग्नेशियमवरही भार दोनच, पण नेहमीच्या द्रावणात त्याने जेल होत नाही. तो आयन लहान, आणि भोवतालचं पाणी सहजी सोडत नाही. बेरियम, स्ट्रॉन्शियम मात्र कॅल्शियमहूनही घट्ट धरतात. अणुचाचण्यांच्या काळात, १९६४ मध्ये, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचाच आधार घेऊन अल्जिनेटमुळे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम आतड्यातून कमी शोषलं जातं, असं दाखवलं.

जमिनीवरच्या वनस्पतींत या घराण्याचा भाऊबंद आहे पेक्टिन. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात. निवळीतलं कॅल्शियम फोडींतल्या पेक्टिनच्या साखळ्या सांधतं, म्हणून पाकात शिजूनही त्या मोडत नाहीत. हलवायांनी ही रीत धरली तेव्हा आयन हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता.