सागाची साक्ष

छत्तीसगडावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ कोसळले. त्यांची हकीकत सरकारी दप्तरांत सापडते. पण दप्तर जेथे संपते, त्यामागचा पाऊस कोणास विचारावयाचा?

सागास विचारावा. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो व त्याची वाढ खुंटते. पावसाबरोबर ती पुन्हा सुरू होते. म्हणून खोडात वर्षागणिक एक वलय उमटते. सुकाळाचे साधारणतः रुंद, अवर्षणाचे अरुंद. वणव्याने वा किडीनेही वलय आखडते; यास्तव एकट्या वृक्षाची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत, अनेकांची वलये ताडून पाहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत डग्लस यांनी ही पद्धती घडविली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ती सागास लाविली.

मात्र वलय पावसाची तूट सांगते, भुकेची नव्हे. १८८८ साली रायपुरास रेल्वे आली, येथला तांदूळ दूरच्या बाजारपेठांत जाऊ लागला. पीक बुडाले की महागाईत प्रथम भरडला जाई तो भूमिहीन मजूर. त्याची कहाणी खोडात उमटत नाही. अवर्षण निसर्गाचे असते. दुष्काळाचा जाब मात्र माणसासच द्यावा लागतो.