पिंपरीची माती आणि तोंडातली बुरशी

गेल्या हिवाळ्यात इथे विनिपेगमध्ये लेकीचा कान दुखला, दहा दिवस अँटिबायोटिक झालं आणि तिच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग उठले. डॉक्टरांनी निस्टॅटिनचं पिवळं औषध दिलं. व्हिडिओ कॉलवर बाटली बघून आजी म्हणाली, "अगं, याच्यावरचं औषध आपल्या पिंपरीतही निघालं होतं." आजोबा एचए कंपनीत होते. सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट करूनही मला हे ठाऊक नव्हतं!

कॅन्डिडा ही बुरशी आपल्यातल्या अनेकांच्या तोंडात निमूट राहते. आजूबाजूचे जिवाणू तिला पसरायला जागा देत नाहीत. अँटिबायोटिकने ते मेले, की तिचं फावतं. पेनिसिलीनसारखी औषधं घरोघर पोचल्यावर बुरशीवरच्या औषधाची निकड वाढली. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात आणि रेचेल ब्राउन ऑल्बनीत. दोघी एकमेकींना टपालाने नमुने पाठवत. व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतल्या जिवाणूपासून त्यांना 1950 मध्ये निस्टॅटिन मिळालं. नावातलं 'निस्ट' म्हणजे न्यूयॉर्क स्टेट.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली स्थापन झाली, ती मुख्यतः पेनिसिलीनसाठी. तिथे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक जिवाणू सापडला. त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि त्याच्यापासून केलेलं औषध हॅमायसिन. त्यातला 'हॅ' कंपनीच्या आद्याक्षरांचा. तोंडातल्या बुरशीवर ते वापरलं जाई. म्हणजे बुरशीपासून जिवाणूंवरचं औषध आणि जिवाणूपासून बुरशीवरचं, दोन्ही एकाच आवारात. आजोबांनी हे कितीदा सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेल.

पण या दोघांचं नेहमीच वैर नसतं. कॅन्डिडा हे नाव 1923 मध्ये ख्रिस्टीन बर्कहाउट यांनी दिलं. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स पुढच्याच वर्षी लंडनमध्ये क्लार्क यांनी वर्णिला. पुढे बुरशीचे अभ्यासक आणि दातांचे अभ्यासक बराच काळ आपापल्या वाटेने गेले. ह्यून कू यांच्या अमेरिकेतल्या गटाने 2014 मध्ये उंदरांवर दाखवलं, की साखर मिळाली की दोघं जोडीने दात पोखरतात. जिवाणूचं एक विकर बुरशीच्या अंगाला चिकटतं आणि साखरेपासून तिथे चिकट थर विणतं. त्या थरात आम्ल कोंडून राहतं आणि एकट्या जिवाणूपेक्षा कीड कितीतरी जोरात लागते.

कॅनडात हा प्रश्न पुस्तकी नाही. 2013 च्या एका राष्ट्रीय अहवालानुसार किडक्या दातांसाठी सहा वर्षांखालच्या सुमारे 19,000 मुलांना दरवर्षी पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागत होती. आदिवासी वस्त्यांमध्ये हे प्रमाण फार जास्त. इथल्याच मॅनिटोबा विद्यापीठात अलीकडे मुलांच्या दातांवरच्या कीटणातले जिवाणू आणि बुरशी एकत्र तपासायला सुरुवात झाली आहे.

त्या रात्री पिवळ्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी पहिल्यांदाच वाचली. मुलांनी तोंड वाकडं करू नये म्हणून औषधात गोडी घातलेली. सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखर. लेकीला डोस दिला आणि अर्ध्या तासाने, ती झोपेने डुलत असताना, ब्रश घेऊन बसले.