विद्यार्थी अभियंत्यांचे परदेशी पाणी व पूल प्रकल्प

विद्यार्थी अभियंत्यांचे परदेशी पाणी व पूल प्रकल्प : अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अनुभवी अभियंत्यांच्या देखरेखीखाली आफ्रिका, लॅटिन अमेरिका व आशियातील खेड्यांत विनामोबदला केलेली नळयोजना, विहीर, साकव अशी छोटी बांधकामे. कामे छोटी असली, तरी ज्या गावात ती होतात तिथे ती छोटी नसतात.

या चळवळीचे नाव फ्रान्समधून आले. ‘सीमा न मानणारे डॉक्टर’ या संघटनेच्या धर्तीवर तिथे १९८२ मध्ये अभियंत्यांची संघटना निघाली. पुढे ‘एंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ या नावाने देशोदेशी संस्था उभ्या राहिल्या. नाव एक असले तरी त्यांचा कारभार वेगवेगळा आहे. कॅनडातील संस्था २००० मध्ये वॉटर्लू विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पार्कर मिचेल आणि जॉर्ज रोटर यांनी काढली. अमेरिकेतील संस्थेची सुरुवात मात्र एका प्राध्यापकाच्या भेटीतून झाली. कोलोरॅडो विद्यापीठात (बोल्डर) स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे बर्नार्ड आमादेई २००० मध्ये बेलीझमधील सान पाब्लो या गावी गेले. गावात नळ नव्हता. लहान मुलींचा दिवस पाणी वाहण्यात जाई आणि शाळा राहून जाई. पुढच्या वर्षी ते आठ विद्यार्थ्यांना घेऊन परतले आणि जवळच्या धबधब्याच्या जोरावर चालणारा पंप त्यांनी बसवला. वीज नाही, डिझेल नाही. २००२ मध्ये संस्था रीतसर स्थापन झाली.

कार्यपद्धती : मागणी गावाकडून यावी लागते. त्यानंतर विद्यार्थ्यांचा गट पाहणीला जातो. झऱ्याखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते मोजणे, पाण्याचे नमुने तपासणे, चढउतारांची मोजणी करणे, पाणी कोण आणते आणि भांडण कुठे होते ते विचारणे, ही त्या भेटीतील कामे. आराखडा महाविद्यालयात परतल्यावर तयार होतो आणि ज्येष्ठ अभियंत्यांनी तपासल्याशिवाय बांधकाम सुरू होत नाही. वाळू, दगड, श्रमदान आणि थोडी रोख वर्गणी गावाची. अमेरिकी संस्थेत एका गावाशी किमान पाच वर्षांचे नाते ठेवण्याची अट आहे. पदवी चार वर्षांत संपते, त्यामुळे प्रकल्प सुरू करणारा विद्यार्थी शेवटी तिथे नसतो. हा या रचनेतला पेच आहे.

डोंगराळ भागात उताराची नळयोजना जास्त चालते. झऱ्याभोवती बांधीव पेटी, तिथून नळ, खाली टाकी, टाकीपासून वाडीवाडीत तोट्या. कागदावर हे सोपे दिसते. पण शंभर मीटर उतारावर नळातला दाब वातावरणाच्या दाबाच्या दसपट होतो आणि सांधे निखळतात. म्हणून मध्येच एक उघडी टाकी बांधून दाब मोडावा लागतो.

पूल : अमेरिकी बांधकाम व्यावसायिक केन फ्रांट्झ यांनी २००१ मध्ये एका मासिकात निळ्या नाईलवरील पुलाचे छायाचित्र पाहिले. इथिओपियातील सतराव्या शतकातला हा दगडी पूल इटलीविरुद्धच्या लढ्यात मधोमध तोडण्यात आला होता. दोन्ही काठांवरून दोर ओढून माणसे माणसांना खिंडारापार नेत होती. २००२ मध्ये फ्रांट्झ यांनी तो दुरुस्त केला. त्यातून ‘ब्रिजेस टू प्रॉस्पेरिटी’ ही संस्था वाढली आणि विद्यापीठांचे गट तिच्याबरोबर पूल बांधू लागले. हे पूल कोकणातल्या साकवासारखे, फक्त पायी माणसांचे आणि जनावरांचे असतात. दोन्ही काठांवर पुरून पक्क्या केलेल्या पोलादी तारदोरांवर फळ्यांची वाट झुलते. बंदरांतील यारींवरून उतरवलेले तारदोर यासाठी वापरले गेले आहेत. या कामाचा हिशेब बराच नीट मांडला गेला आहे. वायट ब्रूक्स आणि केव्हिन डॉनोवन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०२० मधील अभ्यासानुसार, निकाराग्वात असे पूल झाल्यावर शेतीचा नफा सुमारे ७५ टक्क्यांनी वाढला. पुरात मजुरी बुडेनाशी झाली आणि हाती पैसा राहिल्याने शेतकरी खतावर अधिक खर्च करू लागले.

टीका : विमानभाड्याच्या पैशांत स्थानिक गवंड्यांकडून आणखी काम झाले असते, हा आक्षेप जुना आहे आणि तो पूर्ण खोडता येत नाही. शिकायला विद्यार्थ्यांना मिळते हे खरे. पण ते शिकणे गावाच्या खर्चाने होऊ नये. कॅनडाच्या संस्थेने २००८ पासून स्वतःच्या अपयशांचा अहवाल छापायला सुरुवात केली. सेवाभावी क्षेत्रात असे धैर्य विरळाच.

खरी परीक्षा देखभालीची असते. उपसहारा आफ्रिकेतील हातपंपांपैकी सुमारे एक तृतीयांश कोणत्याही वेळी बंद असतात, असा २००९ मधील अंदाज होता. त्यांतला एक फार पसरलेला पंप ‘इंडिया मार्क दोन’. त्याचे मूळ सोलापुरात आहे. एका घरापुरते असलेले बिडाचे पंप साऱ्या गावाच्या वापराने मोडत, म्हणून स्वीडिश यंत्रकारागीर ऑस्कर कार्लसन यांनी तिथे दणकट पंप घडवला. युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकात त्यात सुधारणा होऊन आपल्याकडचा सर्वपरिचित हापसा तयार झाला. मात्र या हापशाचा खालचा वायसर बदलायचा तर सगळे पाइप बाहेर काढावे लागतात आणि त्यासाठी यंत्रसामग्रीसह माणसे बोलवावी लागतात. नंतरच्या ‘मार्क तीन’ व ‘अफ्रिदेव’ या पंपांत दट्ट्या पाइपातूनच वर ओढता येतो. हे काम गावातली माणसे दोनचार पान्यांनी करू शकतात.